खडखडीचा परवाना

जुन्या गाडीत आवाज नेमका कुठून येतो, हे आत बसलेल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. फक्त प्रत्येकाची जागा वेगळी असते. मागे बसलेल्यांना तो डिकीतल्या जॅकचा वाटतो, शेजारच्याला दरवाज्याचा. चालवणाऱ्याचा संशय स्टिअरिंगवर, कारण हात तिथे असतात. आमच्या 1967 च्या फियाट 1100 च्या बाबतीत चालवणाऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. तेवढ्यावर तो महिनाभर ऐटीत होता.

ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. हिच्या आधीच्या गोल अंगाच्या गाडीला लोक प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हणत आणि हिचीच पुढे पद्मिनी होऊन ती टॅक्सीच्या रूपानं मुंबईभर पसरली. गिअरचा दांडा जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. त्यामुळे पुढची सीट सलग. तिघं आरामात बसतात, चौथा नात्यातला असेल तर तोही बसतो.

पण खडखडीचं मूळही याच सोयीत आहे. स्टिअरिंगचा कॉलम म्हणजे वरून दिसते ती बाहेरची नळी. तिच्या पोटातून चाकाचा दांडा खाली स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जातो आणि नळीला लागून गिअरचा रॉड जातो. आतला दांडा नळीच्या मधोमध राहावा म्हणून वरच्या टोकाला बुश असतं. ते झिजलं की दांडा नळीवर आपटायला लागतो. गिअरच्या रॉडलाही स्वतःची बुशं, क्लिपा आणि सांधे. शिवाय तो गिअरबॉक्सला बांधलेला, गिअरबॉक्स इंजिनाला. म्हणजे इंजिनाची थरथर रॉडवरून चढत थेट तुमच्या डाव्या हाताखाली येते. वर डॅशबोर्डाखाली कॉलम धरून ठेवणारा ब्रॅकेट आहे, त्याचे बोल्ट आहेत. संशयितांची काही कमतरता नाही.

आमच्या मिस्त्रींची तपासाची रीत पाहण्यासारखी आहे. आधी गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू. आवाज आला तर डाव्या हातानं गिअरचा दांडा नुसता धरायचा. थांबला? मग रॉडचं काम. उभ्या गाडीत काहीच नाही आणि खड्ड्यात मात्र बोंबाबोंब, तर चाक दोन्ही हातांनी वर-खाली, आजूबाजूला हलवून पाहायचं; हललं तर वरचं बुश नाहीतर ब्रॅकेट. हे सगळं होईपर्यंत ते एक शब्द बोलत नाहीत. आपण काही सुचवायला गेलो तर म्हणतात, “साहेब, जरा ऐकू द्या.”

आणि ऐकण्याच्याही आधी एक गोष्ट ते कधी चुकवत नाहीत. गाडी उभी ठेवून चाक हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवतात आणि पुढचे टायर हलायला लागेपर्यंत ते किती मोकळं फिरतं ते बघतात. ती ढील जास्त असेल तर गाडी तिथेच ठेवून घेतात. खडखड हा कानाचा त्रास. ढील हा जिवाचा. खडखडीवर विनोद करावा, ढिलीवर करू नये.

आमचं दुखणं निघालं वरच्या बुशाचं. त्यासाठी स्टिअरिंगचं चाक उतरवावं लागतं आणि इथे नवशिका पोरगा हमखास ओळखू येतो. मधला मोठा नट तो पूर्ण काढून बाजूला ठेवतो आणि सीटवर बसून दोन्ही हातांनी चाक ओढायला लागतो. दातऱ्यांवर वर्षानुवर्षं बसलेलं चाक हलत नाही, हलत नाही, आणि हलतं तेव्हा थेट नाकावर येतं. मिस्त्री नट चार आटे तसाच ठेवतात, पुलर लावतात, आणि त्याआधी चाक व दांडा दोन्हींवर खूण करून घेतात. नाहीतर गाडी सरळ जाते आणि चाक तिरकं राहतं.

काढलेलं बुश सुपारीच्या खांडासारखं हातात आलं. नाना पेठेत चौकशी केली तर दुकानदारानं माझ्याकडे मी आजोबांचे दात मागितल्यासारखं पाहिलं. शेवटी लेथवर पितळेचं नवं करून घेतलं. सायकलची ट्यूब गुंडाळण्यापासून तेलात भिजवलेला नमदा ठासण्यापर्यंत बरेच सल्ले फुकट मिळाले होते. नमद्याचा सल्ला मला आजही पटतो. पितळ फार घट्ट बसवलं तर चाक वळवताना जड जातं आणि वळणानंतर आपण होऊन सरळ यायला कुरकुर करतं.

खडखड गेल्यावर घरात वेगळाच पेच उभा राहिला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी सरकारनं 2021 मध्ये नियम केले. व्हिंटेज म्हणून नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल-दुरुस्ती, एवढ्यालाच मुभा. बायकोनं हे वाचलं आणि म्हणाली, “म्हणजे गाडी ठणठणीत असली की घरात बसायचं आणि बिघडली की फिरायला जायचं!” कायद्याचा इतका स्वच्छ अर्थ मला कुणा वकिलानंही सांगितला नसता. तेव्हापासून गिअरच्या रॉडच्या बारीक किणकिणीकडे मी जरा मायेनं पाहतो. ती तपासून घ्यायला मिस्त्रींकडे जावंच लागतं. वाटेत मंडई लागते, याला माझा इलाज नाही.

आता खरी अडचण सुट्या भागांची. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी मोडीत निघाली की तिच्यातलं काही ना काही आमच्यासारख्यांच्या कामी यायचं. ती वाट आता बंद होत चालली आहे. म्हणून एक विनंती. तुमच्या वाड्यात, गोठ्यात, ताडपत्रीखाली एखादी फियाट पडून असेल आणि ती भंगारात द्यायचं ठरलंच असेल, तर भंगारवाल्याच्या आधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. कॉलम अख्खा उतरवून घ्या, गिअरचा रॉड, ब्रॅकेट आणि क्लिपा वेगळ्या पिशवीत ठेवा. वजनावर त्याचे फार पैसे येणार नाहीत. ज्याला हवं आहे तो मात्र सांगाल तिथे घ्यायला येईल. गाडी घेऊनच येईल, दुरुस्तीच्या निमित्तानं.