दहा रुपयांच्या आतले खजिनदार

आमच्या गल्लीत नानांना सगळे खजिनदार म्हणतात. कुठल्या गणेश मंडळाचे किंवा पतसंस्थेचे नव्हेत; तसे असते तर घराला रंग तरी लागला असता. नाना जमिनीखालच्या खजिन्याचे. रिटायर झाल्यावर कोणी गुडघ्यांना तेल चोळतो, कोणी सुनेच्या चहाला नावं ठेवतो. नानांनी मेटल डिटेक्टर घेतला.

घेतला म्हणजे जुळवला. मॉलच्या दारात आपले खिसे चाचपतं ना, तसलं एक दांडकं त्यांनी जुन्या बाजारातून आणलं आणि काठीला बांधलं, कारण आता वाकवत नाही. रोज सकाळी सहाला सिद्धीबागेत माणसं चालायला येतात आणि नाना हिरवळीची झडती घ्यायला.

या सगळ्याला चांदबिबी कारणीभूत आहे. आमच्या अहमदनगरच्या किल्ल्याला पडलेल्या 1595-96 च्या वेढ्यात शाहजादा मुरादच्या फौजेवर डागायला गोळे संपले, तेव्हा तिने तोफांतून आधी तांब्याची, मग चांदीची, शेवटी सोन्याची नाणी उडवली, अशी दंतकथा आहे. ती ऐकून बाकीच्यांचा ऊर भरून येतो. नाना विचारतात, "अरे, उडवली ना? मग पडली कुठे?" यावर कोणाकडे उत्तर नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात. "तिथे शोधायला गेलो तर मीच सापडेन," म्हणून त्यांनी तोफेचं तोंड, वारा, जमिनीचा उतार यांचा हिशेब मांडून सोन्याची नाणी बागेतच आणून पाडली. तीही बाकड्यामागे, जिथे आठपर्यंत सावली असते.

दांडकं 'कुईं' करतं. नाना थबकतात. खिशातून रुमाल काढून अंथरतात, हाश्शहुश्श करत त्यावर बसतात, खुरप्याने माती उकरतात आणि टाकून दिलेल्या टूथब्रशाने वस्तू घासतात. एकदा बराच वेळ घासून सोड्याच्या बाटलीचं बूच निघालं. नानांनी ते उन्हात धरलं. "कडेच्या चुण्या बघ. ढालीवरचं फूल असणार." तेवढ्यात मागून माळी म्हणाला, "नाना, फूल घ्या, पण खड्डा बुजवा."

कायदा मात्र त्यांना तोंडपाठ. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही गवसलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. 1878 साली दहा रुपये म्हणजे काय रक्कम होती! आकडा अजून तोच. नानांचा अर्ज तयार आहे. वस्तू आणि किंमत एवढ्याच जागा कोऱ्या. मध्यंतरी जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, तर अर्ज नव्याने लिहून काढला. सगळा शोध भंगाराच्या भावाने मोजला तरी दहाच्या आत बसतो, तो भाग वेगळा.

नानींचं याबाबत एक मत आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली छबू भिल्ल झुडपाचं मूळ खणत होते, आणि खालून निघाले ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. साठ किलोंवर वजन, हडप्पा काळाच्या उत्तरार्धातलं काम. नानी म्हणतात, "त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, म्हणून सापडलं."

गंमत म्हणजे नानांच्याच देव्हाऱ्यात एक शिवराई आहे. नानींच्या आजेसासूपासून दर लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकू लागून लागून तिच्यावरचं 'श्री राजा शिव' बोटालाच तेवढं कळतं. मी म्हटलं, "नाना, अस्सल नाणं तर घरात आहे की!" ते माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत राहिले. "ते सापडलेलं नाही रे. ते होतंच."

परवा अखेर 'कुईं' खरं निघालं. बाकड्यामागे चार बोटं खोल, पिवळी कड, मध्ये पांढरं. घासलं, तर दहा रुपये. अगदी आपले, भारत सरकारचे. नानांनी मनातल्या मनात कायदा चाळला: दहाहून जास्त हवेत, नेमके दहा नकोत. अर्ज पुन्हा खिशात गेला. शोधाचा चहा तरी पाजू म्हणून मला टपरीवर घेऊन गेले आणि नाणं पुढे केलं.

"नाना, हे चालत नाही," चहावाला म्हणाला. "नोट द्या."

"बंद झालं?"

"आमच्याकडे कोणी घेतच नाही."

नानांचा चेहरा उजळला. नोट दिली, नाणं परत घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि मला हळूच म्हणाले, "बघितलंस? चलनातून गेलेलं आहे."