सेलकाका

साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या काकांना सगळी आळी सेलकाका म्हणते. पुतणीचं स्थळ त्यांनी चहा गार व्हायच्या आत पसंत केलं; बीपीच्या मशीनचे पेन्सिल सेल घ्यायला मात्र आख्खी दुपार घालवली. दुकानात शिरले की आधी चष्मा कपाळावर सरकवून पाकिटावरची तारीख वाचतात.

"अल्कलाइन आहेत ना?"

"काका, साधे घ्या की. घड्याळ चालतंय त्याच्यावर."

"घड्याळ चालू दे. दोन हजाराचं मशीन दहा रुपयांच्या सेलनं कुजवू का?"

अल्कलाइनवरही त्यांचा पुरता विश्वास नाहीच. त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरलं की पत्र्या खातं, हे ते वाण्यालाही सांगतात. लिथियमचे सेल सहसा पाझरत नाहीत, पण किंमत ऐकून काका खाली बसतात. जुन्याशेजारी नवा सेल घालणं तर महापाप: जुना आधी रिकामा होतो, नवा त्याला उलटा रेटतो आणि तो फुटतो.

म्हणून काम झालं की सेल बाहेर, डब्यात, कुलपात. मागे काकूंना गरगरलं. किल्ली सापडेपर्यंत, सेलवर मार्करनं लिहिलेली तारीख वाचेपर्यंत, स्प्रिंगवरची पांढरी भुकटी व्हिनेगरच्या काडीनं पुसेपर्यंत काकूंना बरं वाटलं. बीपी काकांचं वाढलेलं निघालं.

ऑगस्ट 2019मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, काकूंच्या माहेरची लाइट गेली. सगळे नातेवाईक पाणी कुठवर आलं ते विचारत होते. काकांनी विचारलं, "बॅटरीत सेल कोणते घातलेत?"

"दाजी, आम्ही गच्चीवर आहोत!"

"तेच म्हणतोय. गच्चीवर अंधार असतो."

नेमकी काकांनी सेल घालून दिलेली बॅटरीच शेवटपर्यंत जळली. तेव्हापासून त्यांना आवरणं अवघड झालंय.

सध्या त्यांचं लक्ष काकूंच्या कानातल्या, मिरजेहून आणलेल्या यंत्रावर आहे. त्याच्या बटणाएवढ्या सेलची पट्टी सोलली की आत हवा शिरून तो चालू होतो. पट्टी परत चिकटवून थांबत नाही. त्यामुळे सोलण्याचा मुहूर्त काका काढतात, वहीत नोंदवतात. तरी एक कोडं सुटत नाही. काकांनी "पोटॅशियम" म्हटलं की काकूंचा सेल संपतो. तीन कंपन्या बदलून झाल्या. वहीत तिन्हींपुढे एकच शेरा आहे: बेभरवशाचा.