आत्मचिंतन, गुण चार

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत रायगड जिल्ह्यातल्या आज्या मोठ्या संख्येनं दगावतात. साथ कुठलीच नसते, बारावीच्या इंग्रजीच्या लेखनाचा सराव सुरू झालेला असतो. 'ज्या प्रसंगानं मी बदललो' अशा धर्तीचं काही लिहायला आलं, की विद्यार्थी पहिल्या परिच्छेदात आजीचा हात हातात घेतो, दुसऱ्यात ती त्याला उपदेश करते आणि तिसऱ्यात डोळे मिटते. जन्मभर पेणच्या बाजारात भाव पाडून घेतलेल्या या बाईला शेवटच्या श्वासाला नेमकं 'नेव्हर गिव्ह अप' सुचतं. खरी आजी त्या वेळी अंगणात पापड वाळत घालत असते आणि नातू दोन तास खाली मान घालून लिहितोय म्हणून घरात कुणाला टीव्ही लावू देत नसते.

या हत्याकांडाला अभ्यासक्रमाचं अधिष्ठान आहे. २०२० पासूनच्या बारावीच्या इंग्रजी 'युवकभारती'त स्टेटमेंट ऑफ पर्पज हा लेखनप्रकार आहे. आपण कोण, कुठून आलो, काय भोगलं, पुढं काय करायचं आहे, हे सगळं चार गुणांत सांगायचं. नको असेल तर त्याऐवजी निरोप लिहा किंवा गटचर्चा लिहा. त्यांनाही गुण तेवढेच. म्हणजे सतरा वर्षांचं आयुष्य आणि 'आई, मी क्लासला जातोय, किल्ली शेजारी दिली आहे' हा निरोप यांची किंमत बोर्डानं सारखी ठरवली आहे. समतेचा इतका उघड पुरस्कार दुसऱ्या कुठल्या विषयात झालेला नाही.

बाहेरच्या जगात भाव थोडा बरा मिळतो. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामायिक प्रवेश अर्जाला ६५० शब्दांपर्यंत आत्मकथन लागतं आणि त्यात संकट किंवा अपयश सांगा असा एक कायमचा विषय असतो. ब्रिटनच्या विद्यापीठांना वर्षानुवर्षं ४,००० अक्षरांचं निवेदन चालायचं. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न करून टाकले, कारण मुलं एकसारखंच लिहीत होती हे तिथंही कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. स्कॉटलंडमध्ये शाळेच्या वरच्या इयत्तेला 'हायर' इंग्रजीसाठी असा निबंध लिहिता येतो, मर्यादा १,३०० शब्द. याच स्कॉट मंडळींनी १८२३ मध्ये बाणकोटला मिशन थाटून कोकणात शाळा काढल्या होत्या. दोनशे वर्षांत कोकणी माणसाचा आत्मा त्यांच्या हाती पुरेसा लागला नाही, म्हणून आता तो निबंधातून मागवला जातो, असं एखाद्या कट्टर माणसाला वाटू शकेल. प्रस्तुत सदराला तसं वाटत नाही. मागणी रास्त आहे. पुरवठा बोगस आहे.

पुरवठा होतो क्लासमधून. सर आत्मचिंतनाची झेरॉक्स वाटतात. तीस मुलांच्या बॅचला एकच बालपण मिळतं. तीसही जण मनालीच्या एकाच डोंगरावर चढतात, एकाच वळणावर तिसांचा डावा पाय मुरगळतो, आणि शिखरावरून दिसणारा सूर्योदय तिसांनाही सारखंच 'गोल्डन' काहीतरी शिकवतो. या मुलांच्या घरापासून एसटीच्या अंतरावर सांकशीचा किल्ला आहे, रोह्याच्या बाजूला अवचितगड आहे. तिथं ती खरोखर गेलेली असतात, खरोखर वाट चुकलेली असतात, उतरताना घसरून पँट फाडून घेतलेली असते. पण अवचितगडाचं इंग्रजीत काय करायचं हे झेरॉक्समध्ये नाही.

पोपटीचंही तेच. थंडीत शेतात मडकं भरायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, कुणाकडं असतील तर अंडी, वरून पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या, आणि झालं की नाही यावर अर्धा तास वाद घालायचा. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून चुर्र आवाज आला की झालं म्हणणारा एक जाणकार प्रत्येक टोळक्यात असतो आणि त्याचं निम्म्या वेळा चुकतं. एवढा ऐवज हाताशी असलेला मुलगा इंग्रजीच्या वहीत लिहितो : 'वी एन्जॉइड अ कॅम्पफायर अँड लर्न्ट द व्हॅल्यू ऑफ टीमवर्क.' शेंगा गेल्या, भांबुर्डा गेला, जाणकार गेला, टीमवर्क राहिलं.

कोलाडला तर याहून मजा आहे. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटलं की कुंडलिकेत राफ्टिंग सुरू होतं. मुंबईचा मुलगा शनिवारी येतो, दोन तास हेल्मेट घालून ओरडतो आणि सोमवारी त्याच्या शाळेत 'नदीनं मला धैर्य शिकवलं' असा निबंध देतो. ज्याचा काका त्याची राफ्ट हाकतो तो रोह्याचा मुलगा त्याच आठवड्यात ऋषिकेशच्या गंगेवर लिहीत बसलेला असतो, कारण नोट्समध्ये ऋषिकेश आहे.

साच्यातून काढलेल्या निबंधांना पेणच्या गणपतीच्या साच्यांची उपमा द्यायचा मोह इथं कुणालाही होईल. ती कारागिरांवर अन्याय करणारी आहे. हमरापूर, जोहे, कळव्याच्या कारखान्यांत साच्यातून निघालेली मूर्ती घासून साफ होते, रंग चढतो, आणि मग डोळ्यांच्या आखणीला हात बसलेला माणूस लागतो. एक एक बुबुळ हातानं, श्वास रोखून. क्लासच्या निबंधाला अशी आखणी कुणी करत नाही. तो आंधळाच पेटीत जातो.

आणि या कारखान्यांत वाढणाऱ्या मुलांकडं काय नसतं? पापण्यांवर प्लास्टरची पूड बसलेली असते. काथ्या पिंजून बोटं चरचरतात. उन्हाळ्याच्या तोंडालाच परदेशातल्या गणपतींची खोकी बांधली जातात, आणि न्यू जर्सीतल्या कुठल्याशा दिवाणखान्यात दहा दिवस बसणाऱ्या देवाची सोंड हमरापूरच्या पोरीनं पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलेली असते. वर कोर्टाची टांगती तलवार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं बंदीच्या कडक अंमलबजावणीचे आदेश दिले, आणि जूनमध्ये मूर्ती करायला-विकायला मोकळीक मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र नाही. मधले चारेक महिने एखाद्या घरात बाप माल भरावा की भरू नये या विचारात फिरत असेल, आई कर्जाचे हप्ते मोजत असेल, आणि दहावीतली मुलगी ऐकून न ऐकल्यासारखं करत असेल. 'आयुष्यातली अनिश्चितता' यावर लिही म्हटल्यावर ही मुलगी काय लिहिते? आंतरशालेय सामन्यात शेवटच्या चेंडूवर आपला संघ हरला.

तिला दोष देता येत नाही. घरूनच बजावलेलं असतं : कर्जाचं लिहू नकोस, पेपर तपासणारे आपल्या ओळखीचे निघायचे. दारू पिणाऱ्या काकाचं नको, चुलत्यांशी चाललेल्या बांधाच्या भांडणाचं नको, धाटावच्या एमआयडीसीतून रात्री येणाऱ्या वासाचं तर मुळीच नको, बाबा तिथंच कामाला आहेत. सगळं वगळून उरतं ते प्रामाणिकपणे लिही. उरते आजी. तिच्या जाण्यावर कुणाची हरकत नसते, ती सोडून.

त्यात आपल्या शाळांनी एक पूर्वतयारी करून ठेवलेली आहे. मराठीच्या तासाला पाचवीपासून या मुलांनी मोडक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहिलं आहे, फाटक्या पुस्तकाचं लिहिलं आहे, पडक्या वाड्याचं, आटलेल्या नदीचं, म्हाताऱ्या बैलाचं मनोगत लिहिलं आहे. छत्री उपेक्षेनं रडते, पुस्तक मुलांच्या कृतघ्नतेबद्दल बोलतं, बैल तर सामाजिक भाष्य करतो. सहा-सात वर्षं घरातल्या प्रत्येक वस्तूला 'मी' म्हणायची मुभा होती, एक त्या मुलाला सोडून. त्याला दुःख व्हायचं तर आधी छत्री व्हावं लागायचं. आणि बारावीत, तेही परक्या भाषेत, अचानक फर्मान : आता तू स्वतः बोल. तो छत्रीसारखाच बोलतो. दुसरं काही त्याला येत नाही.

इतिहासाची साक्ष काढावी म्हटलं तर पेण-रोह्याची मोठी माणसं या परीक्षेत बसवून बघण्यासारखी आहेत. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला चालते झाले. शाळेची प्रमाणपत्रं घरच्या चुलीत घालून झालीच होती. आत्मकथन म्हणून प्रसंग नामी. पण 'यातून मी काय शिकलो आणि या शिक्षणाचा मला पुढील अभ्यासक्रमासाठी कसा उपयोग होईल' या मुद्द्याला विनोबांना शून्य. पुढील अभ्यासक्रमच त्यांनी जाळला होता.

दुसरे चिंतामणराव देशमुख. जन्म नाते गावातला, बालपण रोह्यातलं. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, १९१८ च्या आयसीएसला पहिले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढं देशाचे अर्थमंत्री, आणि फावल्या वेळात मेघदूताचा मराठी पद्यानुवाद. यांना 'तुमच्या आयुष्यातलं अपयश' विचारलं असतं तर कोरा कागद देऊन यावं लागलं असतं. मंत्रिपद त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये स्वतःहून सोडलं, पण राजीनामा म्हणजे अपयश नव्हे, असं परीक्षकानं समासात लिहिलं असतं. म्हणजे एक जण परीक्षेलाच गेला नाही, दुसरा परीक्षेत कधी मागं पडला नाही, आणि दोघांच्याही तालुक्यांत आज 'अपयशाचे अनुभव' विकत मिळतात.

स्वतःविषयी बरं लिहायला मराठी माणूस जन्मतः नालायक आहे असंही नाही. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. 'स्मृतिचित्रे' लिहून त्यांनी शिकलेल्यांना गप्प केलं. त्यात नवऱ्याशी भांडणं आहेत, सासऱ्यांचा विक्षिप्तपणा आहे, स्वतःची फजिती पानोपानी आहे, आणि प्रत्येक प्रकरणाखाली तात्पर्य नाही. फ्रान्समध्ये १५८० साली ज्यानं हा निबंधप्रकार सुरू केला तो मोंतेन्यही आपलं खाणंपिणं, आपली विसराळू स्मरणशक्ती आणि पुढं मुतखडा यांवर ऐसपैस लिहायचा आणि ठाम काही सांगायची वेळ आली की विषय बदलायचा. क्लासच्या मोजपट्टीनं दोघांचेही दोन गुण तरी जातील.

अडचणींचं म्हणाल तर पेण-रोह्याच्या मुलांनी मनालीपर्यंत जायची गरज नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं मूल दहावीच्या वर्गापर्यंत पोचलं, तोवर रस्ता अनेकदा नापास होऊन झाला होता. वडखळला अडकलेल्या गाडीत ज्यानं बालपणाचा एक भाग घालवला त्याला संयमावर निबंध लिहायला नोट्स लागाव्यात? मतमतांतराचा लेखनप्रकार हवा असेल तर याच पेण तालुक्यातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं होतं. ते इंग्रजीच्या पेपरातल्या व्ह्यू-काउंटरव्ह्यूपेक्षा बरंच मुद्देसूद होतं. आणि विश्वासघातावर लिहायचं असेल तर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हा ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांच्यापैकी कुणाचं तरी जुनं पासबुक घरच्या कपाटात सापडेल. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरचं गाव तिथून फार लांब नाही, हेही त्यात घालता येईल.

यंदा मात्र झेरॉक्सवाल्यांचा धंदाही धोक्यात आहे. मोबाईलला विषय सांगितला की तो तासाभराचं चिंतन दहा सेकंदांत करून देतो. त्याला आजी नाही, आजार नाही, पेण कुठं आहे याची काळजी नाही; तरी आजीच्या मृत्यूवर तो पाचशे शब्द लिहितो आणि त्यात पावसाचा आवाजही घालतो. यावर शिक्षकांनी हळहळण्याचं कारण नाही. यंत्रासारखं लिहायची तालीम आपण आधीपासूनच देत होतो, यंत्र उशिरा आलं इतकंच.

तेव्हा पेण आणि रोह्याच्या इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती. यंदाच्या सरावाला एकच विषय द्यावा : 'काल संध्याकाळी घरी काय बोलणं झालं.' व्याकरण चुकलं तर चुकू द्यावं. गावाचं, माशाचं, शिवीचं इंग्रजी न सापडल्यास मूळ शब्द तसाच लिहायला परवानगी असावी. आजी आलीच तर ती लेखाच्या अखेरपर्यंत जिवंत राहील याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकावी. आणि जो शेवटी 'यातून मी शिकलो की' असं लिहील त्याचा अर्धा गुण न चुकता कापावा.