उन्हाची बेगमी

सूर्य फुकट आहे, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण तो संध्याकाळी, नेमके घरोघरचे एसी सुरू होताना, ड्यूटी संपवून निघून जातो. म्हणून दुपारचे ऊन बॅटरीत भरून ठेवायचे. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये लिथियम बॅटऱ्यांची अशीच बेगमी रचली: 300 मेगावॅट, चार तास पुरेल एवढी. चार तास बरं का, पावसाळ्याचे चार महिने नव्हेत!

2021 मध्ये तिथे जरा धूर दिसताच आग विझवणारी यंत्रणा तत्परतेने धावली आणि गळक्या जोडांतून पडलेल्या तिच्याच पाण्याने धडधाकट बॅटऱ्या तापल्या. जानेवारी 2025 मध्ये खरीच आग लागली, तेव्हा मात्र अग्निशमन दलाने ती शांतपणे जळू दिली. अशा आगीवर पाणी मारून फारसा उपयोग नसतो. हजारावर माणसे घराबाहेर, महामार्ग बंद. फेब्रुवारीत ती पुन्हा भडकली. ऊर्जा टिकून राहते, याचा याहून सज्जड पुरावा कोणता?

आता शहाणे लोक बॅटऱ्या उघड्यावर, कंटेनरमध्ये, अंतर राखून ठेवतात. निविदा उघडताना मात्र सर्वांत स्वस्त कोण, एवढेच बघायचे. बंब कुठून येणार, ते धूर निघाल्यावर ठरवू.