राजीखुशीचा संसार, परवानगी लंडनची

स्कॉटलंड युनायटेड किंगडममध्ये राजीखुशीने नांदतो आहे, असे लंडनचे पंतप्रधान येता-जाता सांगत असतात. फक्त ही राजीखुशी अजून टिकून आहे का, हे आपल्याच लोकांना विचारण्याचा अधिकार स्कॉटलंडला नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तसा निकालच दिला: वेस्टमिन्स्टरच्या संमतीवाचून एडिंबराच्या संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही, मग ते सार्वमत नुसते सल्ल्यापुरते का असेना. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख आहे. १९९८च्या स्कॉटलंड कायद्याने हा विषय लंडनकडेच राखून ठेवला आहे. थोडक्यात, सून सुखात आहे का हे सासूबाईंना विचारायचे, आणि सासूबाई म्हणणार, ती सुखातच आहे, तिला कशाला त्रास देता! कोणता देश फुटून निघायची सोय स्वतःहून करून ठेवतो, असे कोणी म्हणेल. स्पेन नाही करत. पण स्पेनची राज्यघटना राष्ट्राची एकता अभंग असल्याचे तोंडावर सांगते. कॅटलोनिया मर्जीने राहतो आहे, असा गोडवा ती गात नाही. लंडनला मात्र गोडवाही हवा आणि कुलूपही.

एकदा विचारून झाले की, हा नेहमीचा आक्षेप. झाले खरे. १८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के मतदान झाले, सोळा-सतरा वर्षांची मुलेही रांगेत उभी होती, आणि ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी 'नको' असा कौल आला. त्या प्रचारात एक धाक हमखास घातला जायचा: वेगळे झालात तर युरोपीय संघाला मुकाल. स्कॉट जनता मुकाट्याने थांबली. मग २०१६ मध्ये ६२ टक्के स्कॉटांनी युरोपात राहू म्हटले, आणि इंग्लंडच्या मतांच्या गठ्ठ्याबरोबर तेही दाराबाहेर गेले. मोठ्या शेजाऱ्याशी फारकत घेणे स्कॉटांसाठी आत्मघात आणि ब्रिटनसाठी मुक्ती, हे हुजूर पक्षातल्या अनेकांना एकाच तोंडाने सांगता आले, याचे कौतुकच केले पाहिजे. २०१४चे सार्वमत 'पिढीत एकदाच', हे शब्द स्कॉटिश राष्ट्रवादी नेत्यांचेच, हेही मान्य. पण पिढी मोजायची कशी? बोरिस जॉन्सन यांना युरोपविषयीच्या १९७५ आणि २०१६च्या सार्वमतांमधले अंतर योग्य वाटले, म्हणजे ४१ वर्षे. उत्तर आयर्लंडच्या बाबतीत मात्र ब्रिटिश कायदाच दोन सार्वमतांमध्ये सात वर्षे पुरेशी मानतो. तिथेही कळ लंडनच्या मंत्र्याच्याच हातात आहे, पण बहुमत वेगळे होण्याच्या बाजूचे दिसू लागले तर मत घ्यावेच लागेल, एवढे तरी लिहून दिले आहे. स्कॉटलंडला कधी विचारणार, हे मात्र कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि इथे स्कॉटिश नॅशनल पार्टीची लंगडी बाजू झाकण्यात अर्थ नाही. २०१३च्या तिच्या सरकारच्या जाडजूड श्वेतपत्रिकेत तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ११० डॉलर धरला होता. जानेवारी २०१६ मध्ये तो तिशीखाली घसरला. स्वातंत्र्य हवे, पण राणी तीच आणि पाउंडही तोच, असा बेत होता. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी पाउंडची भागीदारी साफ नाकारल्यावर पर्यायी योजना काही धड सांगता आली नाही. वेस्टमिन्स्टरच्या २०२४च्या निवडणुकीत पक्ष ४८ जागांवरून नऊवर आला. पण ही सारी 'नको' असे मत देण्याची उत्तम कारणे आहेत. मतपेटी बंद ठेवण्याचे कारण यांतले एकही नाही. उलट प्रतिस्पर्धी इतका कमकुवत असेल, तर लंडनने उद्याच सार्वमत घ्यावे आणि जिंकून मोकळे व्हावे. ते होत नाही, आणि त्यात पक्षाचीही फारशी गैरसोय दिसत नाही. लंडनचा नकार आला की अन्यायाची ओरड करता येते आणि चलनाचे उत्तर लांबणीवर टाकता येते. सध्याचे उत्तर असे: आधी काही काळ लंडनचाच पाउंड, मग 'शक्य होईल तितक्या लवकर' स्वतःचा. हे 'लवकर' म्हणजे कधी, हे मतदारांपुढे उभे राहून सांगण्याची पाळी लंडनच्या कृपेने अजून आलेली नाही.