उंबर फोडून पाहिलं

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक चार असा होता : 'आवारातील उंबर व त्यापासून सभासदांस होणारा उपद्रव.' मसुदा माझाच. चिटणीस झाल्यापासून माझी भाषाच तशी झाली आहे. परवा घरात 'चहाबाबत काय ठरले?' असं विचारून बसलो.

उपद्रव खोटा नव्हता. उंबर पार्किंगच्या कोपऱ्यात आहे आणि फळं फांद्यांच्या टोकाला धरायची सोडून थेट बुंध्याला घोसाघोसानं धरतो. पिकली की टपाटप खाली. दिवसा तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या, रात्री वटवाघळं. सकाळी गाडीच्या टपावर जे सापडतं त्याचं वर्णन इतिवृत्तात करता येत नाही. खजिनदारांची गाडी पांढरी आहे.

सभेपूर्वी आपला थोडा अभ्यास असावा म्हणून मी बुंध्यावरचं एक उंबर तोडून आणलं. पुरतं पिकलेलं नव्हतं, नुसता रंग धरू लागलेलं. ओट्यावर ठेवून उभं चिरलं. उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं माझी आजी म्हणायची. तिला भाऊबंदकीतल्या जुन्या भानगडी अभिप्रेत असत, पण म्हण उंबरालाही लागू पडते हे मला दोन मिनिटांत कळलं. फोडींच्या रवाळ गाभ्यातून तिळाएवढ्या काळपट माश्या एकेक करून चालत बाहेर आल्या, क्षणभर पंख झटकत थांबल्या आणि ट्यूबलाइटकडे निघाल्या.

"अहो, हे काय काढलंत पोळ्यांच्या वेळेला?"

"केंबरं."

"आत होती ना सुखानं? मग राहू द्यायची होती."

दुसरी म्हण याहून प्रसिद्ध. बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या पाहुण्याला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, कारण ते फूल कुणी पाहिलेलं नसतं. वास्तविक उंबर म्हणजे फुलांचाच बटवा. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूनं मढवलेली आणि तोंडाशी खवल्यांनी जवळजवळ मिटलेलं एक भोक. त्या भोकातून केंबराची मादी आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की पंख तिथंच तुटून पडतात. आत गेल्यावर ती छातीवरच्या खिशांतून आणलेला पराग फुलांना लावते आणि अंडी घालते. पण सगळ्या फुलांत नाही. काही फुलांचा दांडा आखूड, तिथं तिची अंडी घालायची नळी पोचते; लांब दांड्याच्या फुलांत पोचत नाही, त्यांचं बी होतं. म्हणजे काही खोल्या पाहुण्यांना आणि काही घरमालकाकडे. मग ती तिथंच मरते.

पुढच्या पिढीत नर आधी बाहेर येतात, बिनपंखांचे. माद्या अजून आपापल्या कोठडीत असतानाच हे लोक लग्नं उरकतात, बाहेर जायचा बोगदा पोखरतात आणि संपतात. माद्या पराग भरून त्या बोगद्यातून निघतात. हातात दिवस, फार तर दोन. तेवढ्यात वासाच्या मागानं दुसरा उंबर गाठायचा, तोही नेमका कोवळी फळं धरलेला. कारण एका झाडावरची फळं बहुधा एकदमच वयात येतात. निरनिराळ्या झाडांचे बहर मात्र मागेपुढे असतात, म्हणून हे चक्र तुटत नाही. आणि म्हणूनच आंबा-जांभूळ संपल्यावरही पाखरांना कुठंतरी एखादा उंबर पिकलेला सापडतो. माद्या गेल्या की मग फळ लाल, मऊ, गोड होतं. खजिनदारांच्या टपावर पडतं ते हे.

यात फुकटेही आहेत. काही जातींच्या माश्या आत शिरतच नाहीत. बाहेरच बसून लांबलचक सुईसारखी नळी फळाच्या सालीतून आत खुपसतात आणि अंडी घालून मोकळ्या होतात. पराग वगैरे काही नाही. देखभाल शुल्क न भरता लिफ्ट वापरणारे आमच्याकडे दोन आहेत, त्यामुळे हा भाग मला चटकन समजला. पण त्या माश्यांना सुई खुपसून बराच वेळ बसावं लागतं आणि बुंध्यावर मुंग्यांची गस्त असते. त्या नेमक्या अशांना धरतात. आमचा वॉचमन त्याच बुंध्याला टेकून झोपतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उंबर, माश्या आणि मुंग्यांच्या व्यवहारावर कितीतरी वर्षं काम केलं आहे. मला तर एक सभा पुरी होईपर्यंत जागं राहणं जमत नाही.

'इकॉलॉजी' हा शब्द १८६६ साली हेकेल या जर्मन शास्त्रज्ञानं काढला, ग्रीक 'ओइकोस'वरून. ओइकोस म्हणजे घर. हे मी सभेत सांगितलं. सगळ्यांनी आदरानं ऐकलं आणि खजिनदार म्हणाले, "ते ठीक आहे, फांद्या कधी तोडायच्या?"

तळमजल्यावरच्या आजी ताडकन उठल्या. त्या दर गुरुवारी उंबराला अकरा प्रदक्षिणा घालतात. "औदुंबराला कुऱ्हाड लावणार? दत्त महाराज बघतायत." अर्धी सभा चुळबुळली, उरलेल्या अर्ध्या सभेवर दत्त महाराजांचा परिणाम होईना.

तेव्हा मी नियम सांगितला. १९७५ च्या कायद्याप्रमाणं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल, अर्ज केला की माणसं पाहणीला येतील.

"म्हणजे आवारात?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं.

"हो. झाड बघायला. मान वर करूनच बघावं लागेल."

सभागृह शांत झालं. उंबराच्या बाजूच्या सहाही गॅलऱ्या काचा लावून बंद केलेल्या आहेत आणि एकीचाही कागद कुणाकडे नाही. खजिनदारांची तर त्यात न्हाणी आहे. शेवटी तेच म्हणाले, "जाऊ द्या. जुनं झाड आहे. कशाला उगाच?"

विषय क्रमांक चार एकमतानं रद्द. पार्किंगच्या जागांची मात्र अदलाबदल झाली आणि उंबराखालची चिटणिसाकडे आली.

सकाळी ओलं फडकं घेऊन खाली जातो. वर कुठंतरी तांबटाचं ठोक-ठोक चाललेलं असतं. टप पुसून होईतो बॉनेटवर नवीन दोन पडलेली असतात.