चोरटा श्वास

आठवीत असताना शाळेच्या समूहगीतासाठी माझी निवड झाली. आवाजामुळे नव्हे, माझ्याकडे पांढरी पँट होती.

परळच्या आमच्या शाळेत तोवर समूहगीत म्हणजे वसंत देसाईंचं 'ऐ मालिक तेरे बंदे हम'. ते झोपेतही म्हणता यायचं, आणि सकाळच्या प्रार्थनेला आम्ही तसंच म्हणायचो. त्या वर्षी मात्र दादरच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी बाईंनी 'जयोस्तुते' काढलं. सावरकरांनी ते १९०३ साली, विशीच्या उंबरठ्यावर लिहिलं. त्या वयात इतकी जोडाक्षरं सुचतात कशी, हा प्रश्न आम्हाला सहामाहीपर्यंत पुरला. मधुकर गोळवलकरांची चाल धरावी तर जीभ अडखळे. जीभ सांभाळावी तर चाल पुढे निघून जाई. बाईंकडे पट्ट्या दोनच: काळी चार आणि लाकडी. पहिली चुकली की दुसरी लागायची.

खरा घोळ श्वासाचा. सगळ्यांनी एकदम घेतला तर गाण्याला भोक पडतं. म्हणून तो चोरायचा: शेजारी गाताना आपण, आपण गाताना शेजाऱ्याने.

हे भोंग्याला पटेना. तो लालबागच्या चाळीतला, गणपतीत विठ्ठलाच्या आरतीचा सूर कोण जास्त ओढतो या शर्यतीत वाढलेला. श्वास चोरणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यात आवाज नुकताच फुटलेला. ओळ ढोलात सुरू व्हायची आणि पिपाणीत संपायची. पण उंचीमुळे मागची रांग भरत होती. बाई म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव रे बाबा."

स्पर्धेत शेवटच्या लांब ओळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. तिथे मी श्वास चोरला. नेमका त्याच क्षणी आणखी बावीस जणांनीही चोरला. प्रत्येकाचा शेजाऱ्यावर गाढ विश्वास! सभागृहात फक्त पंखा ऐकू येत होता. आणि भोंग्या. आरतीतला गडी, सुटलेला सूर त्याला बघवेना. त्याने तो उचलला आणि ढोलापासून पिपाणीपर्यंत एका दमात नेला.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "पाश्चात्त्य कॉयरमध्ये वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात. या शाळेने दोन पट्ट्यांचा धाडसी प्रयोग केला!"

बाईंनी नम्रपणे हात जोडले. परतताना बसमधली खिडकीची जागा भोंग्याला मिळाली. दुसरी पट्टी मात्र बाईंच्या मांडीवरच होती.